मायऱ्याची वाट

बीड जिल्ह्याचे दोन भाग निसर्गानेच पाडून ठेवले आहेत. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा उंच मुलूख एकीकडे आणि त्या रांगेच्या पायथ्यापासून गोदावरीपर्यंत पसरलेली गंगथडी दुसरीकडे. नेकनूर हे बालाघाटावरचे बाजारपेठेचे गाव; जिल्ह्याचे ठिकाण असलेले बीड मात्र खाली. कोर्टकचेरी, मोठा दवाखाना, घाऊक माल यांपैकी कशासाठीही निघाले, की नेकनूरचा माणूस मांजरसुंब्याला येतो आणि तेथून सोलापूर–धुळे महामार्गाने घाट उतरून, पालीवरून बीडला पोहोचतो. रस्ता चौपदरी झाल्यापासून बहुतेकांना हा घाट घाट वाटतही नाही. बोलता बोलता तो संपून जातो.

नेकनूरच्या एका कापड व्यापाऱ्यासाठी मात्र तो कधीच बोलता बोलता संपला नाही. आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी पेढी वाढवली आणि तिसऱ्या पिढीत ती या शेठजींच्या हाती आली. वय एकसष्ट. गावात शब्दाला किंमत, उधारी-वसुलीत सचोटी, स्थानकात नियमित हजेरी. गाडीही ते उत्तम चालवत. केज, अंबाजोगाई, लातूर या सपाटीच्या रस्त्यांवर त्यांचा हात कधी चुकला नाही. परंतु बीडला जायचे असले की गाडीची किल्ली मुलाकडे किंवा दुकानातल्या गड्याकडे जाई, आणि शेठजी मागच्या सीटवर हिशेबाची वही उघडून बसत. वहीत डोके घालून बसलेला माणूस किती कामाचा, असे पाहणाऱ्याला वाटे. पाली येईपर्यंत वहीचे पान उलटले जात नसे, हे कोणाच्या लक्षात येत नव्हते.

शेठजींना उंचीची भीती वाटत होती.

या भीतीची पहिली साक्षीदार त्यांची थोरली बहीण. घरात तिला सगळे जीजी म्हणत. शेठजी आठ वर्षांचे आणि जीजी बारा वर्षांची असताना घरची मंडळी मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला गेली होती. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे आणि तेथल्या धबधब्यामुळे या भागातले सर्वच लोक तेथे जातात. वरच्या कातळावरून खाली पाहताच मुलाच्या पायांतले बळ गेले. तो कातळावर पालथा पडला आणि उठेना. जीजीने त्याचा सदरा मुठीत धरला, त्याला रांगत रांगत मागे आणले, गुडघ्यांची माती झटकली आणि घरी कोणाला एक अक्षरही सांगितले नाही.

पुढे जीजीचे लग्न कल्याणला झाले. बालाघाटावरून कल्याणला जाणारी सरळ वाट म्हणजे पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा करत नगर आणि नगरहून आळेफाटा, ओतूर करत माळशेज. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर असलेला हा रस्ता कड्याला बिलगून कोकणात उतरतो. ऐन तारुण्यात शेठजी एकदा वऱ्हाडाच्या जीपमधून या वाटेने निघाले. घाटाच्या तोंडाशी त्यांनी जीप थांबवायला लावली, अंगात ताप भरल्याचे सांगितले आणि एस.टी. धरून ते परत फिरले. तापाच्या गोळ्या घेऊन आई उशाशी बसली. त्या रात्री अंग गार होते. ताप आल्याचे खोटे मात्र कायमचे अंगाला चिकटले.

खोट्याचा व्यवहार उधारीसारखाच असतो. पहिली रक्कम लहान असते. मग ती झाकण्यासाठी दुसरी, दुसरी झाकण्यासाठी तिसरी. कधी लग्नसराई, कधी विक्रीकराची तारीख, कधी नवा माल. शेठजींच्या पेढीवर दर दिवाळीला ताळेबंद जुळत असे. पण भीतीपायी काय गमावले याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. न पाहिलेली लग्ने, न केलेल्या यात्रा, बहिणीकडे न घालवलेले दिवाळीचे दिवस. जीजी मात्र दर वर्षी नेकनूरला येत राहिली. भाऊ का येत नाही, हे तिने कधी विचारले नाही.

सहा वर्षांपूर्वी कल्याणहून निरोप आला. दीर्घ आजारानंतर जीजींनी संथारा घेतला होता. भेटायचे तर लगेच निघा. मुलाने गाडी काढली. शेठजी पायरीवर उभे राहिले. रात्रीची वेळ, पावसाचे दिवस आणि समोर माळशेज. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. ती आली सप्टेंबर २०२५ मध्ये. शेठजी म्हणाले, “सकाळी एक मोठी रक्कम द्यायची आहे. दुकान उघडून, ते काम आटोपून मी निघतो. तुम्ही पुढे व्हा.” दुसऱ्या दिवशी ते नगरपर्यंत बसने गेले, तेथून रेल्वेने मनमाड आणि मनमाडहून कल्याण. रेल्वेही घाटातूनच उतरते. पण डब्याच्या आतल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून ते बसू शकत. कल्याणला पोहोचले तेव्हा संथारा पूर्ण होऊन पालखीही निघून गेली होती.

त्या दिवशी नातलगांत एक वाक्य फिरले आणि पुढे सहा वर्षे फिरत राहिले: सख्खी बहीण जात होती आणि भावाला दुकान सुटले नाही. शेठजींनी ते ऐकले. त्यांनी त्याचे खंडन केले नाही. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा लोभी म्हणवून घेणे त्यांनी पत्करले.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. स्थानांग सूत्रात सात प्रकारची भये सांगितली आहेत. त्यांत मरणभय आहे, तसेच अपकीर्तीचे भयही आहे. घाटात माणसाला मरणाचे भय वाटते, असे सामान्यतः समजले जाते. शेठजींच्या बाबतीत दरी हे लहान भय होते. ‘लोक काय म्हणतील’ हे मोठे. आणि जी अपकीर्ती टाळण्यासाठी त्यांनी आयुष्यभर भीती लपवली, तिच्याहून वाईट अपकीर्ती त्या लपवण्यानेच त्यांच्या नावे लिहिली. व्यापारी घरांत हे विशेष घडते. पत ही आपली पुंजी, म्हणून उणीव झाकणे हा जणू धंद्याचाच भाग, असे आपण धरून चालतो. पेढीची उणीव चार दिवस झाकता येत असेल. घरच्या माणसांपासून झाकलेल्या उणिवेवर व्याज चढत जाते.

दर वर्षी संवत्सरीनंतर शेठजी कल्याणला फोन करीत. जीजींची मुलगी फोन घेई. “मिच्छामि दुक्कडम्, बेटा. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावले असेल तर क्षमा कर.” तीही तसेच म्हणे आणि फोन ठेवला जाई. पाच वर्षे असे चालले. सहाव्या वर्षी ती थांबली.

“मामा, कळत-नकळत राहू द्या,” ती म्हणाली. “आईच्या वेळी तुम्ही का आला नाहीत, तेवढे सांगा.”

दुकानाचे कारण ओठांवर आले. नुकतेच प्रतिक्रमण करून उठलेल्या माणसाला ते पुन्हा उच्चारणे जड गेले. “बेटा, दुकानाचे खोटे होते,” शेठजी म्हणाले. “मला घाटाची भीती वाटते. लहानपणापासून वाटते.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाचीने सांगितले, की शेवटच्या रात्री कोणी तरी भावाविषयी कडू बोलले, तेव्हा आईने डोळे उघडले होते. ती म्हणाली होती, “तो रेल्वेने येईल. त्याला उशीर होईल. त्याला कोणी बोलू नका.” ‘रेल्वेने’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कोणालाच लागला नव्हता. आता लागला.

कपिलधारच्या कातळावर धरलेला सदरा बहिणीने त्रेपन्न वर्षांत सोडलेला नव्हता.

त्याच फोनवर भाचीने आपले लग्न ठरल्याचे सांगितले. मार्गशीर्षातला मुहूर्त. “मायरा घेऊन या, मामा. रेल्वेने आलात तरी चालेल.”

मारवाडी घरांत मायऱ्याचे महत्त्व सांगायला नको. बहिणीच्या अपत्याच्या लग्नात भाऊ वस्त्रे, दागिने घेऊन जातो. बहीण त्याला टिळा लावते, ओवाळते. बहीण हयात नसली तर मामाचे कर्तव्य वाढते, कमी होत नाही. भाचीने रेल्वेची मुभा दिली होती. आता माळशेजमधून जाण्याची सक्ती कोणीच करीत नव्हते. शेठजींनी ठरवले ते त्यानंतर: घाट उतरायचा आणि स्वतः गाडी चालवून उतरायचा.

हा निर्णय त्यांनी प्रथम पत्नीला सांगितला, आणि त्यासाठी भीतीही सांगावी लागली. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “अहो, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगायचे नव्हते, म्हणून मी विचारले नाही.” मग एकेक प्रसंग उलगडत गेला. गिरनारच्या यात्रेचा संघ निघाला तेव्हा त्यांनी गुडघेदुखीचे कारण काढले होते. शिखरजीच्या वेळी रक्तदाबाचे. गुडघे ठणठणीत होते. यजमानांना नाही म्हणावे लागू नये, म्हणून त्यांनी नकार आपल्या नावावर घेतला होता. गिरनार त्यांनी आजवर पाहिलेला नाही. शेठजींना त्या दिवशी कळले, की भीतीचा खर्च आपण एकट्याने सोसला, हा त्यांचा समजही चुकीचा होता. निम्मा खर्च दुसऱ्याच्या नावे पडत होता.

बीडच्या एका डॉक्टरांनी त्यांना धीर दिला तो शास्त्राच्या आधाराने. माणसाचा तोल तीन गोष्टींवर उभा असतो: कानाच्या आतील संतुलनेंद्रिय, स्नायू व सांध्यांकडून मिळणारी जाणीव, आणि डोळे. सपाटीवर जवळच्या वस्तू पाहून डोळे शरीराचे बारीकसारीक डोलणे टिपतात आणि सावरतात. उंच कड्यावर समोर जवळचे काहीच नसते. डोळ्यांचा आधार सुटतो आणि शरीर खरोखरच अधिक डोलते. म्हणजे चक्कर ही केवळ कल्पना नव्हे. उंचीविषयीची सावधगिरी तर मनुष्यजातीला फार लहानपणापासून लाभते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक प्रयोग केला; तो १९६० साली प्रसिद्ध झाला. भक्कम काचेच्या पटावर सहा ते चौदा महिन्यांची छत्तीस बाळे एकेक करून ठेवली. काचेच्या एका भागाला लागूनच चौकटीचे कापड होते, दुसऱ्या भागाखाली तेच कापड खोलवर. आईने हाक मारल्यावर सत्तावीस बाळे रांगत उथळ भागावर गेली; खोल भागावर जाण्याचे धाडस त्यांपैकी फक्त तिघांनी केले. काच दोन्हीकडे सारखीच मजबूत होती.

याच भीतीने एका थोर पुरुषालाही छळले होते. जर्मन महाकवी गटे तरुणपणी स्ट्रासबुर्गला शिकत असताना त्याला उंचीवर घेरी येत असे. तेथील प्रार्थनामंदिराच्या उत्तुंग मनोऱ्यावर तो मुद्दाम एकटा चढे, माथ्याच्या अरुंद जागेवर उभा राही, आणि भीती ओसरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करी. आपल्या आत्मचरित्रात त्याने ते प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आजचे मानसोपचारही मूलतः तेच सांगतात: भीतीच्या गोष्टीकडे लहान लहान टप्प्यांनी जावे, प्रत्येक टप्प्यावर थांबावे, आणि मन निवल्याशिवाय पळून येऊ नये. पळून आले की मनाला हेच कळते, की पळालो म्हणून वाचलो.

टप्पे आखणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. शेठजींनी तीन ठरवले. पहिला मांजरसुंब्याचा घाट, दुसरा पाटोदा–जामखेड रस्त्यावरचा सौताड्याचा घाट आणि तिसरा माळशेज. भाद्रपद सरता सरता, रोज पहाटे दुकान उघडण्यापूर्वी पिता-पुत्र मांजरसुंब्याला जाऊ लागले. ज्या मुलाला त्यांनी गाडी शिकवली होती, तो आता शेजारी बसून त्यांना शिकवत होता.

“पप्पा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. गाडी गिअरला धरू द्या.”

घाटातल्या चालकांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. उतारावर सतत ब्रेक दाबले तर ते तापतात आणि ऐन वेळी पकड सोडतात; खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. गाडी न्यूट्रल करून सोडणे तर घातकच. रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हा कायद्याचाही नियम आहे आणि सौजन्याचाही. वळणापलीकडचे दिसत नसेल तर भोंगा वाजवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जिकडे नजर तिकडे गाडी. दरीकडे पाहत राहिले तर हात नकळत तिकडेच वळतात. म्हणून नजर पुढच्या वळणावर ठेवावी. हे सर्व नियम भीतीसाठी केलेले नाहीत, उतारासाठी केलेले आहेत. पण भिणाऱ्या माणसाला ते हाताच्या आधारासारखे वाटतात, कारण प्रत्येक क्षणी काय करायचे ते ठरलेले असते. नुसते बसून राहणाऱ्या प्रवाशाला काहीच करायचे नसते. त्याला फक्त भ्यायचे असते. मागच्या सीटवर वहीत तोंड खुपसलेल्या शेठजींना इतकी वर्षे नेमकी हीच शिक्षा होत होती.

पहिल्या दिवशी ते घाटाचे पहिले वळण घेऊन थांबले. तळहात घामाने ओले झाले होते आणि मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत निघून जात होते. तेथेच दहा मिनिटे बसून राहायचे, असा मुलाचा आग्रह होता. आठव्या दिवशी ते पालीपर्यंत उतरले. तिसऱ्या आठवड्यात घाट उतरता उतरता कापसाच्या भावाविषयी बोलणे निघाले आणि पाली कधी आली ते कळले नाही. सौताड्याला मात्र नव्याने सुरुवात करावी लागली. एकदा तर ते घाटाच्या तोंडाशी जाऊन तसेच परत फिरले. मुलगा काही बोलला नाही. घरी आल्यावर शेठजींनीच दुकानातल्या माणसांना सांगितले, “आज जमले नाही. भीती वाटली.” गड्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि गाठोडी सोडायला घेतली. जगबुडी झाली नाही. त्या एका वाक्याने जेवढा भार हलका झाला, तेवढा आठ दिवसांच्या सरावानेही झाला नव्हता.

मार्गशीर्षात मायरा निघाला. पत्नी, मुलगा, सून, आणि मागे नीट बांधलेली वस्त्रे. नगर, आळेफाटा, ओतूर हा सारा रस्ता मुलाने गाडी चालवली. पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागले, खुबी फाटा मागे पडला, हरिश्चंद्रगडाचा थोर डोंगर उजवीकडे उभा राहिला. घाटमाथ्यावर मुलाने गाडी थांबवली आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. पावसाळ्यात येथे धुके असते, समोरचेही दिसत नाही. हिवाळ्याच्या त्या सकाळी हवा अगदी स्वच्छ होती. दरी तळापर्यंत दिसत होती.

या ठिकाणाशी व्यापाऱ्याचे नाते फार जुने आहे. माळशेजपासून दूर नसलेला नाणेघाट सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे उतरण्याची वाट होता. तेथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई आणि नाणी यांच्या संख्या त्यात अंकचिन्हांनी कोरल्या आहेत. भारतातील अत्यंत प्राचीन अंकलेखनाचा तो नमुना मानला जातो. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण, तेर आणि कल्याण या तिन्ही पेठांची नावे आहेत. त्यांपैकी तेर तर बीडच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले. दोन हजार वर्षे व्यापारी माणूस लादलेल्या बैलांच्या मागून ही धार उतरत आला. त्या सर्वांना भीती वाटली नसेल, असे कसे म्हणावे? बैलाच्या वशिंडावर हात ठेवून, पुढच्या पावलापुरते पाहत ते उतरले असतील.

शेठजींनी दुसरा गिअर टाकला. पहिल्या दोन वळणांपर्यंत सर्व ठीक होते. तिसऱ्या वळणावर कठड्यापलीकडे एकाएकी आकाशच आकाश दिसले आणि हात कडक झाले. रस्त्याच्या कडेला रुंद जागा पाहून त्यांनी गाडी थांबवली, हातब्रेक ओढला, दिवे लावले. गाडीत कोणी काही बोलले नाही. “भीती वाटते आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “वाटू द्या,” पत्नी म्हणाल्या, “मी इथेच आहे.” त्या मनात नवकार म्हणू लागल्या असाव्यात, ओठ हलताना दिसत होते. शेठजी हळूहळू श्वास सोडत राहिले. अकरा मिनिटे गेली. मुलाने घड्याळात पाहिली होती. मग त्यांनी आरशात पाहिले, मागून येणारा एक टेम्पो जाऊ दिला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. घाटातला छोटा बोगदा आला तेव्हा आत शिरताच त्यांना हायसे वाटले आणि बाहेर पडताना पुन्हा छाती धडधडली. आणखी एकदा थांबले. वैशाखऱ्याची सपाटी लागली, तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

मांडवाच्या दारात जीजींच्या धाकट्या जाऊबाईंनी शेठजींना टिळा लावला, ओवाळले. वस्त्रे दिली गेली. भाचीने वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारले, “मामा, गाडी कोणी चालवली?”

“सगळा रस्ता तुझ्या भावाने,” शेठजी म्हणाले. “घाट मी.”

तिने पदराने डोळे टिपले. जवळ उभ्या असलेल्या मंडळींना या उत्तरात रडण्यासारखे काय होते, ते समजले नाही. तेव्हा शेठजींनी ते सर्वांना सांगितले. सहा वर्षांपूर्वीचे दुकान, सकाळी द्यायची रक्कम, रेल्वे, सगळे. त्यांना कडू बोललेली काही माणसे तेथे होती. कोणी मान खाली घातली, कोणी खांद्यावर हात ठेवला, आणि एक वयस्कर पाहुणे पुढे होऊन म्हणाले, “शेठ, मला लिफ्टची भीती वाटते. पाचव्या मजल्यावर मुलगा राहतो. गुडघे गेले तरी मी जिन्याने चढतो.”

हे वाचून कोणी असे समजू नये, की शेठजींची भीती नाहीशी झाली. परतीच्या वाटेवर घाट मुलानेच चढवला आणि शेठजींनी खिडकीतून दरीकडे फक्त एकदा पाहिले. घराच्या गच्चीवर ते अजूनही कठड्यापासून दोन हात दूर उभे राहतात. बीडला जाताना मात्र हिशेबाची वही आता दुकानातच राहते आणि मांजरसुंब्याचा घाट ते स्वतः उतरतात, दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकवाल्यांना वाट देत. घाईच्या माणसाला त्यांच्यामागे गाडी चालवणे कंटाळवाणे वाटते. त्याला शेठजींचा इलाज नाही.

प्रत्येक घरात असा एखादा घाट असतो. कोणाचा उंचीचा, कोणाचा कर्जाचा, कोणाचा आजाराचा, कोणाचा न सांगितलेल्या नुकसानीचा. संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो ती बहुधा एकाच ठरावीक वाक्यात. त्या वाक्यापुढे नेमके कारण जोडणे अवघड असते. ते जोडले, तर ज्याच्यापासून इतकी वर्षे लपवले त्याला ते आधीपासूनच माहीत होते, असेही निघू शकते. जीजींना माहीत होते. त्यांनी वाट पाहिली. फक्त त्या वाटेचा शेवट त्यांना पाहता आला नाही.

येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतर गिरनारला जायचे ठरले आहे. नेमिनाथ भगवानांच्या मंदिरापर्यंत सुमारे चार हजार पायऱ्या आहेत. २०२० पासून तेथे रोपवेही आहे. पण त्या पाळण्यात बसण्याची शेठजींची तयारी नाही आणि त्यांनी तसे घरात स्पष्ट सांगितले आहे. पत्नीची काही तक्रार नाही. “पायऱ्यांनी जाऊ,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे चांगले आहेत.”